मदत हवी आहे: हीटिंग सुरू झालं की ठाण ठाण आवाज

गारठा_जर्सी
पहाटे हीटिंग सुरू झालं की भिंतीवर कुणी घण घालतंय असा आवाज येतो. थोडा वेळ शांत, की परत ठाण. बाळ दचकून उठतं, मग घरात कुणाचीच झोप होत नाही. प्लंबर 'जुनं घर आहे, आवाज येणारच' म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. कुणाला अनुभव आहे का? लवकर सांगा प्लीज.

निवांत_नाशिक
क्षार साठलेत. आमच्याकडे बोअरचं पाणी, कॉइलवर पांढरा थर धरतो आणि पाणी तापताना असेच आवाज येतात. टाकी उघडून कॉइल साफ करून घ्या. अ‍ॅनोड रॉडही (टाकी गंजू नये म्हणून आत असते ती दांडी) बदला, त्याकडे कुणी लक्षच देत नाही.

गारठा_जर्सी
गीझर नाही हो! घर गरम करायचं हीटिंग. तळघरात बॉयलर, खोल्यांत लोखंडी रेडिएटर.

ढगाळ_लंडन
मग हवा अडकलीय. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी खुंटी असते, ती किल्लीने थोडी फिरवा. हवा फुस्स करून जाईल, पाणी आलं की बंद करा. आम्ही दरवर्षी थंडीआधी करतो.

तळघरवाला
थांबा, किल्ली आणू नका. आधी सांगा, गरम पाणी फिरतं की वाफ? रेडिएटरला पाइप एक की दोन? बाजूला सूं सूं करणारी छोटी नळकांडी आहे का? बॉयलरवर काचेची उभी नळी?

गारठा_जर्सी
पाइप एकच. नळकांडी आहे. काचेची नळीही आहे, अर्धी भरलेली. पण याने काय फरक पडतो? मला फक्त आवाज बंद करायचाय.

तळघरवाला
सगळा फरक यानेच पडतो. तुमच्याकडे वाफ आहे. वाफ ज्या पाइपने वर येते, त्याच पाइपने तिचं पाणी खाली परत जायला हवं. ते कुठे तुंबलं की मागून आलेली वाफ त्या गार पाण्याला भिडून एका क्षणात पाणी होते. वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते. ती जागा अचानक रिकामी झाली की उरलेलं पाणी जोरात धावत जाऊन लोखंडावर आदळतं. तोच तुमचा ठाण.
दोन गोष्टी बघा. एक, खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हवा किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीही नको. दोन, रेडिएटरचा उतार व्हॉल्व्हकडे हवा. पाणसळ ठेवून बघा. आणि आवाज सगळ्या खोल्यांत आहे की एकाच?

ढगाळ_लंडन
हवा ती हवा, वाफ असो की पाणी. आमचा आवाज किल्लीनेच गेला.

तळघरवाला
तुमच्या घरी पाणी फिरतं म्हणून. इथे हवा ती नळकांडी आपोआप सोडते आणि वाफ पोचली की मिटते. किल्ली लावायला जागाच नसते.

बोस्टनची_माई
हे सगळं काढून हीट पंप बसवा, बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र. उन्हाळ्यात एसीचंही काम होतं.

गारठा_जर्सी
घर भाड्याचं आहे माई. आवाज बेडरूममध्येच आहे. मालकांनी दिवाळीच्या सुमारास तिथली लाकडी जमीन बदलली, तेव्हा रेडिएटर काढून परत लावला होता.

तळघरवाला
हे आधी सांगायचं ना! उतारच बघा. उलटा असेल तर व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाच्या पायांखाली पाव इंचाची फळी सरकवा. रेडिएटर पूर्ण गार असताना, आणि दोघांनी मिळून. बिडाचं वजन फार असतं. जास्त उचलू नका, सांध्यावर ताण येतो. बॉयलरच्या गेजवर दाब २ पीएसआयच्या वर जात असेल तर मालकांना कळवा, स्वतः हात लावू नका.

सई_टोरांटो
बाळ आहे तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ आहे ना? आवाजापेक्षा ते आधी तपासा. हवा कोरडी पडत असेल तर ह्युमिडिफायर लावा, आमच्या लेकीचं नाक सारखं चोंदायचं.

गारठा_जर्सी
अलार्म आहे, सई. उतार खरंच उलटा होता! मालकांना विचारून फळ्या सरकवल्या आणि आज पहाटे ठाण आलाच नाही, बाळ उजाडेपर्यंत झोपलं. तळघरवाला, खूप खूप आभार. बारीक टकटक मात्र अजून ऐकू येते.

तळघरवाला
छान झालं. टकटक म्हणजे बहुधा पाइप तापून लांबतो आणि लाकडाला घासतो. नव्या जमिनीतून पाइप जिथे वर येतो ते भोक घट्ट आहे का? फोटो टाका.