मदत हवी आहे : तापमानवाढीवर मुलांना भरवशाची माहिती कुठून द्यावी?

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातली आठवी-नववीची मुलं शाळेच्या प्रकल्पासाठी माझ्याकडे बसतात. परवा एकीने लिहून आणलं, "ओझोनला भोक पडल्यामुळे पृथ्वी तापते." व्हॉट्सअॅपवरून उतरवलेलं! तो प्रश्न वेगळा, हे समजावण्यात तास गेला.

आता प्रत्येक वाक्यापुढे "हे कुणी मोजलं, कधी मोजलं?" लिहायची सवय लावतेय. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावरच्या वेधशाळेत १९५८ पासून कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर. हा आलेख मुलांनी स्वतः काढला. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. पण तो अहवाल इंग्रजीत, मुलांना जड जातो. सोपं मराठी काही आहे का?

खरं अडलंय ते पुढे. २०२४ चा विश्वामित्री नदीचा पूर तापमानवाढीमुळेच आला असं मुलांना लिहायचंय. एका पुरावरून तसं ठरवता येत नाही. नदीकाठची बांधकामं, आजवा जलाशयातून सोडलेलं पाणी, हेही बघायला हवं. बडोद्याच्या पावसाच्या जुन्या नोंदी हवामान खात्याकडून कशा मिळवायच्या? अर्ज कुणाकडे करायचा? भूगोल शिकवलेले कुणी निवृत्त सर किंवा बाई रविवारी तासभर येतील का? पंधरवड्यात वही द्यायची आहे, आणि मुलं फार मनापासून विचारतात हो.