वडिलांच्या उशाशी बोलणारं स्मार्ट घड्याळ ठेवावं का?

पहाटवारा

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि आमच्याकडे नाशिकला राहतात. काचबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर गेली आहे, समोरचंही अंधुक दिसतं. रात्री १० आणि सकाळी ६ ला डोळ्यांत थेंब घालायचे असतात. त्याआधी साडेपाचला थायरॉइडची गोळी अनशापोटी, म्हणजे चहाच्या निदान अर्धा तास आधी. फोनचा गजर त्यांना लावता येत नाही, कारण काचेवर बोट कुठे ठेवायचं तेच दिसत नाही. जुन्या घड्याळाचे काटेही दिसत नाहीत. रात्री दोन-तीनदा जाग येते आणि किती वाजले ते कळत नाही, म्हणून ते उजाडेपर्यंत तसेच पडून राहतात. हे मला गेल्या महिन्यात कळलं, तेही सहज बोलता बोलता.

म्हणून आवाजावर चालणारं घड्याळ घ्यायचं मनात आहे. अ‍ॅमेझॉनचा घड्याळवाला इको डॉट, त्यांचाच गोल पडद्याचा इको स्पॉट आणि गूगलचा नेस्ट हब, असे तीन पर्याय पाहिले. एक अट पक्की आहे, झोपायच्या खोलीत कॅमेरा नको. २०१७ च्या इको स्पॉटला कॅमेरा होता, २०२४ च्या नव्याला नाही. नेस्ट हबलाही नाही. इको शो ५ ला आहे, त्यावर सरकवायचं झाकण असलं तरी तो मी बाजूला ठेवला.

माझं मत घ्यायचं असं झालं आहे. पण घरात यावर दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडते आहे. विरोधातलं असेल तर स्पष्ट सांगा.

तारयंत्र

स्पष्टच सांगतो, ते घड्याळ नाही. ते इंटरनेटला जोडलेलं यंत्र आहे आणि वेळ दाखवणं हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. पंचवीस वर्षं घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करतोय, म्हणून हा फरक मला मोठा वाटतो.

साध्या क्वार्ट्झ घड्याळात एक स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आतली चिप तो आकडा पंधरा वेळा निम्मा करते आणि बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. एका पेन्सिल सेलवर वर्षभर चालतं. घरातली लाइट गेली, केबल तुटली, राउटर जळला तरी त्याला पत्ता लागत नाही. तुमच्या स्मार्ट घड्याळात बॅटरी नसते. पहाटे ५ ला लाइट गेली आणि ६ ला आली तर साडेपाचचा गजर झालाच नाही समजा. लाइट आल्यावरही ते पुन्हा सुरू होऊन वायफायला जोडलं जाईपर्यंत त्याला किती वाजले ते माहीत नसतं.

नुसतं इंटरनेट गेलं असेल, लाइट असेल, तर आधी लावलेला गजर वाजतो, हे मान्य. पण तेव्हा "किती वाजले" विचारून उपयोग नाही, कारण तुमचा प्रश्न समजून घेणारा संगणक घरात नसतो, दूर कुठेतरी असतो.

औषधाची वेळ ज्यावर अवलंबून आहे ते साधन इतकं परावलंबी नसावं. सेलवरचं बोलणारं घड्याळ मिळतं. बटण दाबलं की वेळ सांगतं, गजरही असतो. ते घ्या.

पहाटवारा

लाइटचा मुद्दा शंभर टक्के खरा. आमच्याकडे पावसाळ्यात पहाटे लाइट जातेच. इन्व्हर्टर आहे, पण त्या खोलीतला पंखा आणि ट्यूब एवढंच त्यावर आहे, पलंगाशेजारचा प्लग नाही. हे मी विचारातच घेतलं नव्हतं.

सोनकी

मी जन्मापासून पाहू शकत नाही. फोनवर स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीने हे लिहितो आहे. तारयंत्र यांनी सुचवलेलं सेलवरचं बोलणारं घड्याळ मी वीस वर्षं वापरलं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

वेळ विचारायला ते उत्तम. बटण मोठं असतं, झोपेतही सापडतं. पण गजर लावायचा म्हणजे एक बटण दाबून धरायचं, मग दुसरं बटण दाबत तास पुढे न्यायचे, मग मिनिटं, आणि एक मिनिट पुढे गेलं की पुन्हा पूर्ण फेरा. शिवाय माझ्याकडच्या घड्याळात गजर एकच होता. तुमच्या वडिलांना तीन लागतील, साडेपाच, सहा आणि रात्री दहा. औषधं बदलली की वेळा बदलणार, आणि दर वेळी ते तुमची वाट बघणार.

मी चार वर्षांपूर्वी पडदा नसलेला बोलणारा स्पीकर घेतला. पहिल्या रात्री तीनला जाग आली, मी वेळ विचारली, उत्तर आलं, आणि कूस बदलून झोपलो. बायकोला उठवलं नाही. बटणाचं घड्याळ शोधताना पाण्याचा तांब्या सांडला नाही. ज्यांना मान वळवली की घड्याळ दिसतं त्यांना हे सांगूनही नीट कळणार नाही. माझ्यासाठी ती चैन नाही.

म्हणून माझा सल्ला असा की घ्या, पण पडद्यावर पैसे घालवू नका. वडिलांना तो दिसणार नाही आणि रात्री डोळ्यांवर उजेड मात्र येईल.

खडीसाखर

सोनकी, तुमचं म्हणणं मनापासून पटलं, तरीही माझा विरोध आहे. सतत कान उघडा ठेवणारं यंत्र घरातल्या सगळ्यात खासगी खोलीत जातंय.

हाक मारल्याशिवाय, म्हणजे त्याचं ठरलेलं नाव घेतल्याशिवाय, ते काही पाठवत नाही असं सांगतात, आणि रचना तशी आहेही. हाक ओळखण्याचं काम यंत्रातच होतं, पुढचं बोलणं कंपनीकडे जातं. पण हाक चुकीची ऐकू येते त्याचं काय? २०१८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या एका जोडप्याचं घरातलं बोलणं इकोने रेकॉर्ड करून त्यांच्या ओळखीच्या माणसाला पाठवलं. आधी बोलण्यातला एक शब्द हाक म्हणून ऐकला, मग निरोप पाठवायची आज्ञा ऐकली, मग नाव ऐकलं. प्रत्येक पायरीवर चूक झाली आणि त्या जोडप्याला काही कळलं नाही. २०१९ मध्ये बाहेर आलं की अ‍ॅमेझॉनचे कर्मचारी यंत्र सुधारण्यासाठी लोकांच्या ध्वनिफिती ऐकतात. त्याच वर्षी गूगलसाठी काम करणाऱ्याकडून डच भाषेतल्या ध्वनिफिती फुटल्या. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाच्या नोंदी साठवून ठेवल्याच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉनने अडीच कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. अमेरिकेत काही मॉडेलांवर आवाज कंपनीकडे न पाठवण्याची सोय होती, तीही २८ मार्च २०२५ पासून बंद केली.

म्हणजे आज ज्या अटीवर वस्तू घेता ती अट उद्या राहीलच असं नाही. साध्या घड्याळाच्या अटी कुणी बदलू शकत नाही.

सोनकी

खडीसाखर, हे सगळं मला माहीत आहे आणि माझ्या घरीही ते लागू आहे. ध्वनिफिती साठवू नका अशी निवड अ‍ॅपमध्ये करता येते, ती मी केली आहे. माइक बंद करायचं बटण उठावदार आहे, बोटाला कळतं. माइक बंद असला की लाल दिवा लागतो, तो मात्र मला दिसत नाही, म्हणून मुलाला विचारावा लागतो. धोका शून्य नाही. पण माझ्या खासगीपणाचा हिशेब करताना दुसरी बाजूही धरा. दर रात्री कुणाला तरी हाक मारून वेळ विचारावी लागते, तेव्हाही माणसाचा खासगीपणा जातोच.

ओलीमाती

भाषेचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. आमच्या आजीसाठी सांगोल्याला असंच घड्याळ नेलं होतं. आजीला मराठीच येते. इकोमधून बोलणारी अ‍ॅलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, मराठी नाही. आजी म्हणायची, "पावणेसहाला उठव गं बाई." ते यंत्र काहीच समजेना. आम्ही तिला "पौने छह" शिकवलं. ती दोन दिवस घोकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्याच घरात मला परक्यासारखं बोलायला लावता." घड्याळ परत पुण्याला आणलं.

"साडेपाच" आणि "साढ़े पाँच" जवळचे आहेत, तेवढं निभतं. पण दीड, अडीच, एकोणतीस, त्रेचाळीस, सगळे वेगळे. अर्धवट झोपेत माणूस आईच्याच भाषेत बोलतो.

फोनवरचा गूगल असिस्टंट मात्र २०१८ पासून मराठी समजतो. मग घरातला जुना फोन स्टँडवर उभा करून उशाशी का ठेवू नये? त्यात बॅटरी आहे, लाइट गेली तरी गजर होतो, आणि "साडेपाचचा गजर लाव" म्हटलेलं कळतं. तारयंत्र आणि मी, दोघांच्याही शंका मिटतात.

तारयंत्र

अर्धवट मिटतात. चोवीस तास चार्जरला लावलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगते. माझ्याकडे असे फोन येतात, मागचं झाकण उचललेलं असतं. पलंगाशेजारी, गादीजवळ ते नको. दिवसातून थोडा वेळच चार्जिंग होईल असं टायमरचं सॉकेट लावलंत तर चालेल. शिवाय लॉक असलेला जुना फोन नुसत्या हाकेवर दर वेळी जागा होतोच असं नाही. पण भाषेचं तुमचं म्हणणं एकदम योग्य आहे, आणि ते मला आधी सुचलं नाही.

मध्यरात्र

मी वेगळ्या घरातली गोष्ट सांगते. बाळ आठ महिन्यांचं, नवरा पहाटेच्या लोकलने जातो. बाळ दंडावर झोपलेलं असताना गजर लावायचा राहिला हे आठवलं की पूर्वी सगळं हलवून फोन घ्यावा लागायचा, आणि फोन हातात आला की अर्धा तास जायचा. आता अंधारात हळू आवाजात सांगते, झालं. फोन बाहेर हॉलमध्ये असतात. आमची झोप सुधारली ती फोन खोलीबाहेर गेल्यामुळे. म्हणून जुना फोन पुन्हा आत आणायला माझा विरोध.

एक तोटाही सांगते. आवाजाने गजर बंद करणं फार सोपं असतं. नवरा दोनदा झोपेतच "स्टॉप" म्हणाला आणि गाडी चुकली. आता त्याच्यासाठी दुसरा गजर स्वयंपाकघरात वाजतो, सेलच्या घड्याळाचा.

आणि पहाटवारा, दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. इकोमध्ये गजराचा आवाज आणि गाण्यांचा आवाज वेगवेगळा असतो. वडिलांनी भजन हळू केलं म्हणून गजर हळू होत नाही, पण गजराचा आवाज अ‍ॅपमधून एकदा नीट लावावा लागतो. दुसरं, रात्रीसाठी व्यत्यय नको ही सोय लावा. नाहीतर पार्सल येणार असल्याची सूचनाही टुंग करून येते. त्या सोयीत गजर अडत नाहीत.

आडवाट

खडीसाखर यांच्या अटी बदलण्याच्या मुद्द्याला जोड. नुसत्या अटी नाहीत, अख्खी कंपनी जाऊ शकते. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन नावाच्या अमेरिकी कंपनीने अचानक सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या घरातले दिवे-स्विच अ‍ॅपला दाद देईनासे झाले. २०२३ मध्ये गूगलने लेनोवो, जेबीएल, एलजीच्या स्मार्ट पडद्यांना सुधारणा देणं थांबवलं. घड्याळ ही वीस वर्षं टिकायची वस्तू, असं आपण समजून चालतो. हे तसं नाही, चार-पाच वर्षांचा खर्च म्हणून धरा. तेवढ्याला ते मोलाचं वाटत असेल तर जरूर घ्या.

पहाटवारा

सगळ्यांचं दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. घ्यायचं हे कायम आहे, पण बरंच बदललं. पडदा नको, घड्याळवाला इको डॉटच. आकड्यांचा उजेडही कमीत कमी ठेवणार. शनिवारी वायरमन येतोय, पलंगाशेजारचा प्लग आणि हॉलमधला राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतो आहोत. तरीही साडेपाचचा गजर एका सेलच्या घड्याळातही लावून ठेवणार, माझ्या खोलीत. गोळी चुकायला नको. बाबा नोकरीत असताना बारा वर्षं भोपाळला होते, त्यामुळे हिंदीची अडचण नाही. ओलीमाती यांच्या आजींची गोष्ट वाचून मात्र वाईट वाटलं, कारण माझ्या सासूबाईंसाठी हे कधीच चाललं नसतं.

खडीसाखर

तयारी चांगली केलीत. माझा विरोध तसाच आहे, पण आता दोनच प्रश्न विचारते. बाबांना विचारलंत का? त्यांच्यासाठी काय घ्यायचं यावर आपण इतकं बोललो आणि खोली त्यांची आहे. आणि दिवसा त्यांच्याजवळ कुणी असतं का? असेल तर तेही माणूस त्या खोलीत बोलतं, फोनवर घरचं सांगतं.

पहाटवारा

बाबांना काल विचारलं. ध्वनिफिती कंपनीकडे जातात, कधी चुकून ऐकलं जाऊ शकतं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझं ऐकून कुणाला काय मिळणार ते मला माहीत नाही. पण रात्री तीनला तुला उठवायचं नाही म्हणून मी दोन वर्षं पडून राहिलोय." यावर मला काही बोलता आलं नाही.

दुसरा प्रश्न मात्र बरोबर पकडलात. सकाळी नऊ ते पाच मावशी असतात. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं चाललंय, फोनवर सारखं बोलणं असतं आणि बसायची जागा तीच खोली. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. उद्या आल्या की यंत्र कसं ऐकतं ते समजावून सांगते आणि माइकचं बटण दाखवते. त्या म्हणाल्या तर नऊ ते पाच ते बंदच राहील. बाबांना दिवसा वेळ सांगायला त्या असतातच.