मदत हवी आहे: मुलीला नेटवर्किंगच करायचंय, चार वर्षांचं कॉलेज कशावरून निवडू?

बार्शीचा_केबलवाला

नमस्कार मंडळी. बार्शीत केबल-इंटरनेटचा लोकल ऑपरेटर आहे. शिक्षण बारावी नापास, धंद्यात 26 वर्षं. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला 84 पर्सेंटाइल. सुट्टीत माझ्याबरोबर साइटवर येते. आरजे-45 (नेटच्या केबलच्या टोकाचा कनेक्टर) मारताना पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा असं तोंडातल्या तोंडात चालू असतं, आणि टेस्टरवर आठही दिवे एका दमात लागतात. माझ्या पोरांचे लागत नाहीत. ती म्हणते, "पप्पा, मला कोडिंगवाली नोकरी नको. हेच पाहिजे, पण मोठं."

आता अडचण. कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत कॉम्प्युटर, आयटी, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), एआय-डेटा सायन्स सगळं आहे, नुसत्या नेटवर्किंगची शाखा मात्र आमच्या भागातल्या कुठल्याच कॉलेजात सापडेना. सीओईपी, सांगलीचं वालचंद वगैरे तिच्या मार्कांना लागणार नाही, तेव्हा ती नावं सुचवू नका.

आधी पुण्यात एका क्लासला जाऊन आलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांत सीसीएनए, सीसीएनपी (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची सर्टिफिकेटं, दुसरं वरच्या पायरीचं), शंभर टक्के प्लेसमेंट, डिग्री आता कुणी बघत नाही. म्हटलं, हे लेटरहेडवर शिक्क्यासकट द्या. त्यांनी चहा मागवला.

मग दोन इंजिनिअरिंग कॉलेजं पाहिली. पहिलं घरापासून तासाभरावर, तिथं आयटी मिळेल. बिल्डिंग, जिम, एसी सेमिनार हॉल सगळं फिरवून दाखवलं. नेटवर्किंगची लॅब दाखवा म्हटलं तर किल्ली सरांकडे, सर रजेवर. खिडकीतून डोकावलो. रॅक होता, त्यात स्विच होता, पण स्विचवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं आणि पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) एकही नाही. पॅचकॉर्ड नसलेल्या रॅकला आम्ही कपाट म्हणतो.

दुसरं कॉलेज लांब आहे, हॉस्टेल लागेल, आणि तिथं बहुतेक ईअँडटीसीच मिळेल. लॅब उघडी होती. राऊटर जुनेपाने, पण पोरं त्यावर काहीतरी करत बसली होती.

घरच्यांचं म्हणणं, गावातच बीसीए कर, आता तीही चार वर्षांची झालीय. मला वाटतं इंजिनिअरिंग करावं, पण का ते मला सांगता येत नाही. म्हणून विचारतो: आयटी की ईअँडटीसी? चार वर्षांच्या बीसीएने काम भागेल का? आणि कॉलेजात जाऊन नेमकं काय बघायचं? पुढच्या आठवड्यात ऑप्शन फॉर्म भरायचाय.

रात्रपाळी

काका, सहा महिन्यांत सीसीएनपी म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. सीसीएनएला डिग्रीची अट नाही हे खरं. 200-301 नंबरचा एकच पेपर, दोन तासांचा, फी 300 डॉलर अधिक टॅक्स, आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. पण म्हणूनच ते कधीही देता येतं. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत देऊ दे, म्हणजे नोकरी शोधताना ते ताजं असेल.

डिग्री कुणी बघत नाही म्हणतात ना? मी बीएस्सी, तीन वर्षांची. एनओसीत (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारं केंद्र) एल-1 ला, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर लागलो, चार वर्षं रात्रपाळ्या केल्या, मॉनिटरवर लाल झालेल्या लिंकचं तिकीट फाडायचं आणि पुढे ढकलायचं. डिझाइन टीममध्ये जागा निघाली तेव्हा फॉर्ममध्ये बीई/बीटेक सोडून दुसरा पर्यायच नव्हता. काम मला येत होतं, पण ते विचारायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

सरकारी बँकांतही तेच. आयबीपीएसच्या आयटी ऑफिसरच्या जाहिराती काढून बघा. मुख्यतः इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची चार वर्षांची पदवी, नाहीतर या विषयांतलं पदव्युत्तर शिक्षण मागतात. त्यामुळे बीसीए चार वर्षांची झाली म्हणून ती बीईच्या रांगेत बसते असं धरून चालू नका. एमसीए करणार असेल तर गोष्ट वेगळी.

चॉक_आणि_केबल

मी शिकवतो, कुठं ते राहू दे. शाखेवरून फार डोकं शिणवू नका. कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय कॉम्प्युटर, आयटी दोन्हीकडे असतोच, पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नला (अभ्यासक्रमाला) कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षात सिक्युरिटीसकट होता. म्हणजे चार वर्षांतला मुख्य पेपर एखादा, फार तर दोन. ईअँडटीसीला सिग्नल, फायबर, मोबाइल कम्युनिकेशन जास्त. तुमच्या घरातलं वातावरण बघता तिला ते परकं वाटणार नाही, पण गणित घाम काढेल.

लॅबचं तुम्ही बरोबर हेरलंत. आणखी एक विचारा, हे सहसा कुणी विचारत नाही: कॉलेजचं स्वतःचं नेटवर्क कोण सांभाळतं? हॉस्टेल, लायब्ररी, परीक्षा विभाग, हजारभर मशीन, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग), फायरवॉल. म्हणजे चालतं-बोलतं नेटवर्क दारातच असतं. काही ठिकाणी सिस्टिम अ‍ॅडमिन पोरांना हाताखाली घेतो, काही ठिकाणी सर्व्हर रूमच्या आसपास उभं राहू देत नाहीत. माझे जे विद्यार्थी या लाइनमध्ये टिकले, ते बहुतेक त्या खोलीत पडीक असायचे.

आणि माहिती विचारायची ती तिसऱ्या वर्षाच्या पोरांना, कॅन्टीनमध्ये. गाइडला नाही.

नागपूरची_संत्री

काका, पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर जुलै 2024 च्या जीआरनुसार मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की ते गेलं, म्हणून कुणी "आत्ताच सीट बुक करा" म्हणालं तर पैसे भरू नका. हॉस्टेल-मेसचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा मोजा. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, तहसीलला गर्दी असते.

फॉर्मचा क्रमही जपून लावा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो आपोआप फ्रीज होतो, मग मागे फिरता येत नाही.

बार्शीचा_केबलवाला

सगळ्यांचे आभार. आम्ही ओबीसी, दाखला काढायला टाकला. काल दुसऱ्या कॉलेजात परत गेलो, या वेळी पोरीला घेऊन. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली भेटल्या. त्यांनी सांगितलं, हॉस्टेलचं नेट बंद पडलं की सर्व्हर रूमवाले सर आम्हालाच बोलावतात. मग ही त्यांच्याबरोबर तिकडे गेली ती तासभर बाहेर आली नाही. मी दोन चहा प्यालो.

तर क्रम असा लावतोय: दुसऱ्या कॉलेजचं आयटी वर, लागलं तर नशीब, त्याखाली तिथलंच ईअँडटीसी, मग पहिल्या कॉलेजचं आयटी. बीसीए नाही.

चॉक_आणि_केबल सर, एकच राहिलं. बारावीला गणितात 61 आहेत. ईअँडटीसीचं गणित झेपेल का, की पहिल्या कॉलेजचं आयटी वर घेऊ? खरं ते सांगा, गोड नको. पोरगी आत्ता शिडीवर आहे, एका गिऱ्हाइकाचा ओएनयू (फायबरचा घरातला डबा) लाल दाखवतोय. खाली आली की तिला वाचून दाखवतो.