शब्दचर्चा: पटणे, पटवणे, पटवापटवी

रावेरकर

थंडी पडली की आमच्याकडं मळ्यात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. वांगी भाजणारा एक, मिरची-लसूण ठेचणारा एक, बाकी सगळे रिकामटेकडे. यंदा रिकामटेकड्यांनी लॅपटॉपवर 'मॉन्स्टर प्रॉम' लावला. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बार्सिलोनाच्या 'ब्युटिफुल ग्लिच'नं 2018 मध्ये काढलेला खेळ. भुताखेतांची शाळा, वर्षअखेरचा नाच, म्हणजे 'प्रॉम', तीन आठवड्यांवर आलेला आणि तुम्हाला जोडीदार नाही. समोर सहा जण: एक सैतान, एक रक्तपिपासू, एक जलपरी, एक भूत, एक लांडगा-माणूस आणि डोक्यावर केसांऐवजी साप असलेली एक बया. यांच्यातल्या कुणालातरी नाचाला यायला राजी करायचं. एकाच लॅपटॉपवर चौघांपर्यंत खेळता येतं आणि चौघंही एकाच्याच मागं लागू शकतात. खरी गंमत तिथंच.

आमचं आपलं चाललं होतं, "तू कुनाले पटवतो?", "जलपरी माझी ए भो, तिला पटवायला जाऊ नको." चुलीजवळून काकूचा आवाज आला, "कोनाची पोर पटवी रायले रे?" सगळे गप. तिला खेळ समजावून सांगताना जाणवलं की 'पटवणे' सोडून आपल्याकडं शब्दच नाही. तो गावंढळ वाटतो का? या प्रकारच्या खेळाला मराठीत काय म्हणावं?

मास्तर, धुळे

गावंढळ नाही, पण कामाचा शब्द आहे, म्हणून नीट बघू.

'पटणे' कुणी करत नाही, ते आपोआप होतं. गोष्ट पटते, ओळख पटते, खात्री पटते, सौदा पटतो. 'त्या दोघा भावांचं पटत नाही' इथंही दोष कुणा एकाचा नसतो, निदान व्याकरणात तरी. 'पटवणे' म्हटलं की करणारा पुढं येतो, आणि त्याच्याबरोबर थोडा संशयही.

आता 'पटवून देणे' शेजारी ठेवा. 'वडिलांना पुण्याला जायचं पटवून दिलं' म्हणजे कारणं सांगितली, खर्चाचा हिशेब दाखवला. 'वडिलांना पटवलं' म्हणजे आईची शिफारस, दोन दिवस न सांगता मोटर चालू करून येणं, त्यांच्या आवडीची जिलेबी. गिऱ्हाईक पटवतात तेही असंच. पुराव्यावाचून मिळवलेला होकार म्हणजे पटवणे. पोरी-पोरांपुरता तो शब्द अलीकडं आक्रसला, एवढंच.

भुसावळ जंक्शन

सर, मग खेळाला तो चपखलच बसतो. मी खेळलेय. त्यात सहा गुण असतात: बुद्धी, धाडस, कल्पकता, मोहकता, मौज आणि पैसा. शाळेत जिथं जाल तिथला गुण वाढतो. बाथरूममध्ये गेलं की धाडस वाढतं, हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. मग प्रसंग येतो आणि दोन पर्याय येतात. तुम्ही कितीही शहाणपणाचा पर्याय निवडा, त्यामागं लागणारा गुण तुमच्याकडं पुरेसा नसेल तर तोंडावर आपटता. त्याला कुठला गुण लागतो हे खेळ सांगत नाही. म्हणजे पटवून देणं नाहीच तिथं.

पण माझी एक तक्रार. 'पोरगी पटवली' यात पोरगी कर्म होते, माशासारखी गळाला लागते. आम्ही हॉस्टेलवर मुली-मुलीच खेळायचो आणि 'पटवला' म्हणायचो, तेव्हा मजा वाटायची. तरी एकाच्या बाजूनंच क्रिया जाते, हे काही बदलत नाही.

रावेरकर

ताई, खेळात तुमचं पात्र मुलाचं असो की मुलीचं, सहापैकी कुणाच्याही मागं लागता येतं. त्या बाबतीत खेळ मोकळा आहे. कर्माचं मात्र बरोबर बोललात.

चोपड्याचा

डेअरिंग म्हणा ना, 'धाडस' काय. धाडस शिवाजी महाराजांचं असतं. पोरीसमोर जाऊन बोलायला डेअरिंग लागते.

मास्तर, धुळे

मान्य. 'डेअरिंग' आता मराठीच आहे, स्त्रीलिंगीही झाली बिचारी.

ताईंच्या तक्रारीवर माझ्याकडं एक उपाय आहे: 'पटवापटवी'. पळवापळवी, ढकलाढकली, ओढाओढी, बनवाबनवी या घराण्यातलं. असे शब्द बनले की दोन गोष्टी आपोआप येतात. करणारे एकापेक्षा जास्त होतात आणि थोडा गोंधळ असतो. शिवाय कुणाला पटवलं, हे सांगावंच लागत नाही. कर्म गळून पडतं.

चोपड्याचा

सर, पण 'फसवाफसवी'त दोघं एकमेकांना फसवतात. मग पटवापटवीत दोघं एकमेकांना पटवतात असं नाही का होत? खेळात तर आम्ही एकमेकांना पटवत नाही, एकमेकांचा पत्ता कापतो.

मास्तर, धुळे

'पळवापळवी' बघ. आमदारांची पळवापळवी होते तेव्हा पक्ष एकमेकांना पळवत नाहीत. पळवला जातो तो तिसराच. तुमच्या खेळात तेच चाललंय.

भुसावळ जंक्शन

बसला! पटवापटवीचा खेळ. आता माझ्याकडून 'सेटिंग' बाद. सेटिंगला मध्ये कुणीतरी लागतो, आणि तो शब्द कचेऱ्यांतल्या टेबलांखाली फार फिरून आलाय.

आबा, अमळनेर

'सोयरीक' का नको? आपला शब्द आहे.

चोपड्याचा

आबा, सोयरीक दोन घरांची होते. इथं घर कुठाय, नुसता एक रात्र नाच आहे. स्थळ बघणं, पोहे, पत्रिका, यातलं काहीच नाही. रक्तपिपासूची पत्रिका जुळवायला भटजीपण तयार होणार नाही.

आबा, अमळनेर

बरं. मग अहिराणीत लिहा. "मले तू आवडस, मनासंगे नाचाले येशी का?" एवढं सरळ विचारलं की पटवायची गरजच पडत नाही.

रावेरकर

आबा, आमच्या बाजूला लेवा बोली, तुमच्या बाजूला अहिराणी. खानदेशात नुसतं विचारायचं म्हटलं तरी तापी ओलांडली की वाक्य बदलतं.

आता दुसरा प्रश्न. शेवटी नाचाला विचारायचं असतं आणि ती नाही म्हणाली की तुम्ही एकटेच राहता. या नकाराला आमच्यात कुणी 'पोपट' म्हणतो, कुणी 'नारळ दिला' म्हणतो. एकच का?

भुसावळ जंक्शन

अजिबात नाही. नारळ आधी कामावर असलेल्याला देतात. नोकरीतून काढलं, टीममधून काढलं, तर नारळ. ज्याला कधी 'हो' मिळालंच नाही, त्याला नारळ कसला? (जलपरीनं दिला तर एक वेळ चालेल, तिच्याकडं स्टॉक असेल.)

पोपट वेगळा. त्याला प्रेक्षक लागतात. तुम्ही छाती काढून गेलात, चौघं बघतायत, आणि तोंडावर पडलात, तर पोपट. एकट्यानं खेळताना नकार मिळाला तर तो पोपट नाही, नुसतं दुःख.

मास्तर, धुळे

आणि 'तोंडाला पानं पुसणे' तिसरं. त्यात आधी आशा दाखवावी लागते. पूर्ण डाव त्या बयेनं तुमच्याकडं बघून हसून घेतलं, प्रत्येक पर्याय बरोबर आला, आणि शेवटी 'मी येत नाही', तर पानं पुसली. तिच्या वागण्यात खोट आहे असं त्यात ध्वनित होतं. पोपटात खोट आपली असते.

चोपड्याचा

मग आमच्या डावात भाऊचा पोपट झाला आणि माझ्या तोंडाला पानं पुसली. नोंद घ्या.

रावेरकर

नोंद घेतली, मान्य केलेली नाही.

पिंपळावरचा

भुतांबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणून लिहितो. 'मॉन्स्टर'ला 'राक्षस' म्हणाल तर खेळ फुकट गेला. आपल्याकडं भुतांचीही जातवारी आहे: हडळ, खवीस, वेताळ, समंध, झोटिंग. आणि मुंजा! मुंज झाली, लग्न व्हायच्या आधी गेला, म्हणून पिंपळावर बसलाय. ब्रह्मचारी असणं हीच त्याची व्याख्या. या खेळाची खरी गरज त्यालाच आहे, पण पटवून घेतला तर तो मुंजा उरणार नाही.

भुसावळ जंक्शन

मुंजाला शेवटी नाही म्हणणं ही तर त्याच्या अस्तित्वाचीच काळजी झाली मग.

आबा, अमळनेर

आमच्या लहानपणी शाळेजवळच्या पिंपळाखालून जाताना पोरं पळत जायची. तुम्ही त्याला नाचाला न्यायला निघालात.

रावेरकर

'प्रॉम'चं काय करायचं? 'गॅदरिंग' म्हटलं की नाटक, बक्षीस समारंभ, प्रमुख पाहुण्यांचं लांबलेलं भाषण डोळ्यांपुढं येतं.

चोपड्याचा

सेंडॉफ. दहावीचा सेंडॉफ. साड्या असतात, फोटो असतात, आणि कोण कुणाशी बोललं याची चर्चा जूनपर्यंत पुरते. नाच नसतो, पण बाकी सगळं तेच.

मास्तर, धुळे

'सेंडॉफ' चालेल. 'निरोप समारंभ' म्हटलं की मी भाषण करायला उभा राहीन.

भुसावळ जंक्शन

एक राहिलं. कुणी आधी खेळायचं हे ठरवायला खेळ एक विचित्र प्रश्न विचारतो, प्रत्येकानं उत्तर द्यायचं आणि क्रम खेळाडूंनी आपसांत ठरवायचा. लहानपणी आपण सुटायचो, तसलंच. पण सुटताना हात पालथा की उताणा, यावर वाद नसतो. इथं सगळा वादच. आमच्याकडं प्रत्यक्ष डावापेक्षा यातच जास्त वेळ गेला. याला काय म्हणता तुमच्याकडं?

चोपड्याचा

आमच्याकडं 'नंबर लावणे'. दोन जण भांडतात, तिसरा खेळून मोकळा होतो.