जुन्या टी-७२ ला नवे टरेट बसवावे, की नुसती साईट बदलावी?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात मुलीला घेऊन अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. विजयन्त या जुन्या रणगाड्यासमोर उभे असताना तिने विचारले, "बाबा, खालचे धड तर शाबूत दिसते आहे, मग वरचा भाग तेवढा नवा बसवून हा परत का वापरत नाहीत?" मला उत्तर देता आले नाही, आणि कोल्हापूरला परत येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. घरी आल्यावर वाचले, तेव्हा कळले की बेल्जियमच्या जॉन कॉकरिल कंपनीचे १०५ मिलिमीटर तोफेचे ३१०५ टरेट (टरेट म्हणजे तोफेसह फिरणारा वरचा भाग) जुन्या जर्मन लेपर्ड-१ रणगाड्याच्या धडावर बसवले गेले आहे आणि तेच टरेट आपल्या 'जोरावर' नावाच्या २५ टनी रणगाड्यावरही आहे. आपल्या सैन्याकडे सोव्हिएत बनावटीचे टी-७२ रणगाडे, म्हणजे अजेय, दोन हजारांच्या वर आहेत. त्यांच्यावर असे नवे टरेट का बसवू नये, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त गनर

तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. मी चिलखती दलात गनर, म्हणजे तोफ चालवणारा, होतो आणि टी-७२ च्या टरेटमध्ये तोफेच्या डाव्या हाताला बसून मी अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो: पैसा आधी साईटवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, खर्च व्हावा, मग इंजिनावर, आणि टरेटचा विचार सर्वांत शेवटी करावा.

दिवसाची साईट आमच्या काळातही वाईट नव्हती. तिच्यात अंतर मोजणारा लेसर रेंजफाइंडर होता आणि अंतर चटकन मिळत असे. खरी अडचण रात्रीची होती. रात्रीच्या साईटसाठी तोफेशेजारी इन्फ्रारेड दिवा असे, त्याच्या उजेडात जेमतेम काहीशे मीटरपर्यंतचे हिरवट, धूसर चित्र दिसे, आणि समोरच्याकडे तशीच दुर्बीण असेल तर आपला दिवा त्याला कंदिलासारखा दिसे. पुढे एका सरावात थर्मल साईटला डोळा लावला, तेव्हा झुडपांमागे इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीची चाके आणि एक्झॉस्टची बाजू पांढरी, उजळ दिसली. ती गाडी तिथे आहे हे साध्या डोळ्यांना कळले नसते. थर्मल साईट स्वतः काहीही बाहेर फेकत नाही, वस्तूंच्या अंगची उष्णता तेवढी टिपते, आणि धुरातून व धुळीतूनही पाहते.

दुसरी गोष्ट कमांडरच्या साईटची. कमांडरला स्वतःची चौफेर फिरणारी साईट असेल, तर गनर एका लक्ष्यावर मारा करत असताना तो पुढचे लक्ष्य शोधून ठेवतो आणि बटण दाबून तोफ तिकडे वळवतो. लेपर्ड-२ मध्ये ही सोय १९७९ पासून आहे. ही साईट जुन्या टरेटच्या छतावरही बसवता येते, त्यासाठी टरेट बदलावे लागत नाही. रशियानेही टी-७२ बी३ करताना मूळ टरेट ठेवले आणि गनरला सोस्ना-यू ही थर्मल साईट दिली. इस्रायलने जुन्या ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यांना १०५ मिलिमीटरची तोफ आणि पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन दिले, आणि तेच रणगाडे १९७३ मध्ये गोलान टेकड्यांवर लढले.

उद्यमनगर

गनरसाहेबांशी मी सहमत आहे. कारखान्याच्या बाजूने थोडी भर घालतो. आमचे काम व्हीटीएल (मोठे उभे लेथ) आणि गिअर कटिंगचे आहे, आणि पोकलेनच्या फिरत्या रिंगा आमच्याकडे दुरुस्तीला येतात. पोकलेनचा वरचा भाग ज्या मोठ्या दातेरी बेअरिंगवर फिरतो, तशाच रिंगवर रणगाड्याचे टरेट फिरते. टरेट बदलायचे म्हणजे पहिला प्रश्न या रिंगच्या मापाचा येतो. सोव्हिएत संघाने टी-५५ वरून टी-६२ केला, तेव्हा मोठ्या तोफेसाठी रिंगचा व्यास १८२५ मिलिमीटरवरून २२४५ मिलिमीटर करावा लागला, आणि त्यासाठी धडही नव्याने आखावे लागले.

माप जुळले तरी बैठक सपाट आहे का, हे पाहावे लागते. एका ठेकेदाराच्या जुन्या मशीनला आम्ही कोरी रिंग बसवून दिली होती, पण खालच्या प्लेटची बैठक इतक्या वर्षांत पिळली गेली होती आणि ती मशीनिंग करून घेण्याइतका वेळ ठेकेदाराकडे नव्हता. काही महिन्यांतच बेअरिंगमधल्या गोळ्यांचे मार्ग एका बाजूने खाल्ले गेले आणि रिंग परत आमच्या दारात आली. दोष रिंगचा नव्हता. खोदकामात अर्धा मिलिमीटर ढिलेपणा चालून जातो, तोफेला चालत नाही. हिशेब सोपा आहे: रिंगची त्रिज्या सुमारे एक मीटर धरली आणि दातांत अर्धा मिलिमीटर खेळ असला, तर २००० मीटरवर नळीचा नेम एक मीटर सरकू शकतो. म्हणून नवी साईट बसवतानाही फिरवण्याची यंत्रणा आणि तोफेचे स्थिरीकरण तपासून घ्यावेच लागते; साईट कितीही अचूक असली तरी तिच्यामागे येणारी तोफ ढिली असेल तर उपयोग नाही.

रंकाळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आता एकच शंका उरते. मग लेपर्ड-१ वर कॉकरिलचे टरेट बसले कसे?

शिवाजी पेठ

माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर वजनात आहे. ३१०५ टरेट मुळातच हलक्या आणि मध्यम वाहनांसाठी तयार झालेले आहे. त्यामुळे लेपर्ड-१ च्या धडावर भार वाढत नाही. मात्र मुख्य रणगाड्याच्या टरेटइतके जाड चिलखत त्यातून मिळत नाही, हे मान्य करूनच ते घ्यावे लागते. आपल्याकडे उलट दिशेचा प्रयोग झाला होता. टँक-एक्स या नमुन्यात डीआरडीओने टी-७२ च्या धडावर अर्जुन या भारतीय रणगाड्याचे टरेट आणि १२० मिलिमीटरची तोफ बसवली. मूळ साडेएक्केचाळीस टनांचा रणगाडा सुमारे ४७ टनांवर गेला, आणि सैन्याने तो स्वीकारला नाही.

तरीही गनरसाहेबांनी टरेटला सर्वांत शेवटी ठेवले, तिथे मी थोडा वेगळा विचार करतो. ब्रिटनने २०२१ च्या करारानुसार १४८ चॅलेंजर-२ रणगाड्यांना पूर्ण नवे टरेट देऊन चॅलेंजर-३ करायला घेतले आहेत, कारण जुन्या खाचदार नळीला नाटो देशांचा प्रचलित दारूगोळा चालत नाही. तोफच बदलायची असेल, तर नवे टरेट न्याय्य ठरते. दुसरे कारण माणसांच्या जिवाचे आहे. टी-७२ मध्ये २२ गोळे तळाशी, फिरत्या चक्रात, कमांडर आणि गनर यांच्या पायांखाली असतात. चिलखत भेदून आग तिथवर पोहोचली, तर टरेट उडते आणि आतला कोणी वाचत नाही. गोळे टरेटच्या मागच्या बंद कप्प्यात ठेवले आणि कप्प्याचे छत स्फोटाचा दाब बाहेर सोडणारे असले, तर माणसे वाचण्याची शक्यता राहते. हा फायदा कोणतीही साईट देऊ शकत नाही.

निवृत्त गनर

आपण म्हणता ते मी मान्य करतो, त्या चक्रावर बसलेल्या माणसाला ते वेगळे सांगावे लागत नाही. पण दोन हजारांहून अधिक रणगाड्यांचे टरेट बदलण्यास जितकी वर्षे लागतील, तितक्या वर्षांत त्यांची जागा घेणारा नवा रणगाडा तयार व्हायला हवा. तोपर्यंत प्रत्येक गनरला रात्री दिसले पाहिजे, हा माझा आग्रह आहे. इंजिनाचे काम तर सुरूही झाले आहे: मार्च २०२५ मध्ये ७८० ऐवजी १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा सुमारे २४.८ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्याचे तंत्रज्ञान चेन्नईजवळच्या आवडी इथल्या रणगाडा कारखान्याला मिळणार आहे.

एक गोष्ट मात्र या चर्चेत राहून गेली. थर्मल साईट, संगणक, कमांडरचा पडदा हे सगळे विजेवर चालते. दबा धरून बसताना इंजिन बंद ठेवावे लागते, कारण त्याचा आवाज आणि उष्णता दोन्ही शत्रूला कळतात. अशा वेळी सारा भार बॅटऱ्यांवर येतो आणि पहाटेपर्यंत त्या उतरतात. अर्जुन मार्क-१ए मध्ये यासाठी वेगळे लहान जनरेटर इंजिन आहे. जुन्या टी-७२ ला नवी साईट देणाऱ्याने त्याच यादीत हे छोटे इंजिनही लिहावे, नाहीतर ऐन मोक्याला गनरच्या डोळ्यासमोरचा पडदा काळा होईल.