युद्धावरच्या गाण्यांचा अर्थ कसा लावता? : अनुभव धागा

युद्ध आणि माणसाचा स्वभाव यांवरची गाणी ऐकून अंगावर काटा येतो, ते ठीकच. पण अर्थ लावताना नेमकं काय करता आणि कुठे फसायला होतं, ते इथे लिहा.

—

आधी चाल बाजूला ठेवून नुसते शब्द वाचायचे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यूएसए'चं (1984) ध्रुवपद मुठी आवळून ओरडावं असं आहे, म्हणून अनेकांना ते देशभक्तीचं गाणं वाटतं. कडव्यांत मात्र व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक आहे, आणि त्याला कुणी काम देत नाही. ध्रुवपद एका कागदावर, कडवी दुसऱ्यावर उतरवा. फट लगेच दिसते. मग चाल परत लावा, कारण ती फसवी चाल हाही अर्थाचाच भाग.

—

सर्वनामांखाली रेघा मारा. सगळं पाप 'त्यां'च्या माथी मारणारं गाणं सत्ताधाऱ्यांबद्दल असतं. ब्लॅक सॅबाथ या रॉक बँडचं 'वॉर पिग्स' (1970) तसं. गायिका बफी सेंट-मरीच्या 'युनिव्हर्सल सोल्जर'मध्ये बहुतेक सगळीकडे 'तो' आहे, आणि शेवटी कळतं की त्याला हुकूम तुमच्या-माझ्याकडूनच येतात. तेवढ्या बदलाने गाणं राजकारण सोडून माणसाच्या स्वभावावर येतं. घाईत ऐकलं तर नेमकी हीच ओळ निसटते. आणि 'मी' म्हणजे गायकच, असं कृपया धरू नका.

—

भाषांतर जपून. नेना या जर्मन बँडच्या '99 लुफ्टबलोन्स'मध्ये ('99 फुगे', 1983) फुगे लाल नाहीत. लाल रंग इंग्रजी आवृत्तीत आला. त्यावरून कम्युनिझम शोधायला गेलात तर मूळ जर्मनमध्ये हाती काही लागणार नाही.

—

सालं दोन बघायची : घटनेचं आणि लिहिल्याचं. एरिक बोगलचं 'अँड द बँड प्लेड वॉल्ट्झिंग माटिल्डा' पहिल्या महायुद्धातल्या, 1915 च्या गॅलिपोलीच्या (तुर्कस्तान) लढाईवर आहे, पण लिहिलंय 1971 मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना. गाण्यातल्या सैनिकाला 1915 मध्येच लोखंडी टोप मिळतो. ऑस्ट्रेलियन सैन्याला ते 1916 मध्ये मिळाले. इतिहासाचा पेपर तपासल्यासारखे गुण कापू नका, रोख कोणत्या युद्धाकडे आहे ते बघा.

—

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. साल कळलं की गाणं तिथेच खिळून बसतं. 'लिली मार्लीन' या जर्मन गाण्याची कविता 1915 ची, चाल 1938 ची. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून बेलग्रेडच्या जर्मन रेडिओवरून ते दोन्ही बाजूंचे सैनिक ऐकत. कसं शक्य झालं? शब्दांत काय नाही त्याची यादी करा : शत्रू नाही, कारण नाही, विजय नाही. उरतो फाटकाजवळचा दिवा आणि वाट पाहणं.

—

कडव्यांचा क्रमही मांडून बघा. 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन' फुलांपासून मुली, नवरे, सैनिक, थडगी असं फिरून पुन्हा फुलांवर येतं. पण अमेरिकन लोकगायक पीट सीगरने 1955 मध्ये तीनच कडवी केली होती. पुढची जो हिकर्सनने जोडली, तेव्हा वर्तुळ पुरं झालं. 'हे चक्र सुटत नाही' असा अर्थ सांगताना तो कोणत्या आवृत्तीचा, हेही सांगा.