घरमालकांच्या वायफायवर ऑफिसचं व्हीपीएन अडकतंय

खिडकीतली चिमणी:
नाशिकला घरमालकांच्या वायफायवरून काम करते. खाली काका-काकू, वर आम्ही दोघी. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लगेच जोडलं जातं, चॅटही चालतं, पण पगारपत्रकाची फाइल उघडायला गेलं की नुसतं गोल गोल फिरतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीच फाइल झटकन उघडते. महिनाअखेर आहे, लोकांचे पगार अडतील. काकांना राउटर बदला म्हणू का?

रात्रपाळी:
घरचं आणि ऑफिसचं नेटवर्क दोन्ही १९२.१६८.१ या एकाच पत्त्यांच्या मालिकेवर आहेत का? असतील तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो.

जुना लिनक्सवाला:
चॅट चालतं, फाइल अडते, म्हणजे छोटी पॅकेटं जातात, मोठी अडतात. मला एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, संशय येतोय. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या ब्रॉडबँड) लाइनवर सहसा १५०० ऐवजी १४९२ बाइट मावतात, त्यात व्हीपीएनचं वेष्टण वाढतं. व्हीपीएन बंद करून, तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइटचं पिंग (चाचणीचं पॅकेट) द्या. अडलं तर आकडा उतरवत जा. जाईल त्यात हेडरचे २८ मिळवा, तो लाइनचा एमटीयू. काकांना इतक्यात काही बोलू नका.

खिडकीतली चिमणी:
१४६४ ला गेलं! म्हणजे १४९२च. आयटीवाल्यांनी व्हीपीएनचा एमटीयू १३०० केला आणि फाइल उघडली. दादा, मनापासून आभार. पगार वेळेत जातील.